भरल्या पोटी सांगायची गोष्ट

तात्यांनी चौथ्या भांड्याचं झाकण उचललं. वाफेनं चष्मा धुरकटला. तो न पुसताच त्यांनी सईला खुणेनं जवळ बोलावलं.

"हे बघ, उप्पीट. वरनं काजू बी घातल्यात."

सईनं टाचा उंचावून भांड्यात पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"बरं, पोहे? इडली? ते बघ, टोपीवाला माणूस डोसा करून देतोय."

"तात्या, सगळी झाकणं तुम्हीच उघडताय," अंकिता मागून हळूच म्हणाली. "लोकं थांबलीत."

मागं खरंच रांग लागली होती. पाचगणीच्या त्या हॉटेलात मे महिन्याच्या सुट्टीतली सगळी कुटुंबं एकाच वेळी नाश्त्याला उतरत, कारण डोंगरउतारावरचं पार्क उघडलं की पाळण्यांना गर्दी व्हायच्या आत पोचायचं असे. तात्या बाजूला झाले. सईच्या ताटलीत त्यांनी इडली ठेवली, थोडे पोहे ठेवले, भाजलेल्या ब्रेडचा तुकडा ठेवला आणि ताटली दोन्ही हातांनी धरून टेबलाशी आणली. तिथं शालूबाई पदर आवळून खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. एवढ्या मऊ खुर्चीवर मागं टेकून बसायचं त्यांना जमत नव्हतं.

सईनं इडलीचे दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

"झालं."

"एवढ्यात? घरी अख्खी भाकरी खातीस की गं."

"भूक न्हाई, तात्या."

तात्यांनी सुनेकडं पाहिलं. अंकितानं नजर चहाच्या कपात घातली. आज सांगायचं ठरलं होतं.

सांगायचं होतं ते घरात सई सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. महिनाअखेर सांगलीत अंकिताचं नोंदणी पद्धतीनं लग्न होणार होतं. उदयसिंह हळदीच्या व्यापारातला, पहिली बायको आजारपणात गेलेली, कमी बोलणारा माणूस. स्थळ तात्यांनीच शोधलं होतं. त्यांचा मुलगा, अंकिताचा नवरा जयराज, जाऊन दोन वर्षं होत आली होती. तवांगकडच्या रस्त्यावर लष्कराची गाडी दरीत गेली, त्यात तो होता. भावकीतल्या लोकांनी कुजबूज केली तेव्हा तात्यांनी ओट्यावर उभं राहून सांगितलं होतं, "लेक असती तर बसवून ठेवली असती का?" तेव्हा त्यांचा आवाज ठाम होता. सई आईबरोबर जाणार, हे त्याच वाक्यात येतं, ते त्यांना नंतर रात्री अंथरुणावर कळलं.

जूनपासून सईची शाळा सांगलीत. आजी-आजोबा उंब्रजलाच.

पोरीला सांगायचं काम तात्यांनी स्वतःकडं घेतलं होतं. सगळी नोकरी त्यांनी पहिली-दुसरीच्या वर्गांवर काढली होती. सकाळी वर्गात शिरल्यावर ते आधी विचारत, कोण काय खाऊन आलं? जे तसंच आलेलं असे त्याच्या हातावर शेंगदाणे नि गूळ ठेवत आणि मगच फळ्याकडं वळत. उपाशी पोराला शिकवू नये. अवघड गोष्ट तर भरल्या पोटीच सांगावी, आणि सकाळी सांगावी. म्हणजे रडायला, विचारायला, पुन्हा येऊन विचारायला त्याला अख्खा दिवस मिळतो. बापानं कबूल केलेली ही पार्कची सहल त्यांनी त्यासाठीच काढली होती. सई पोटभर खाईल, हसेल, आणि मग ते तिला बोटाला धरून बागेत नेतील.

पण सई खात नव्हती.

"उद्या," ते अंकिताला जाताजाता म्हणाले. "आज न्हाई खाल्लं तिनं."

अंकितानं सईच्या ताटलीतली उरलेली इडली कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली.

दुपारी पार्कात सई जेवली. रात्रीही वरणभात जेवली. अडत होतं ते सकाळीच. शालूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "परक्या जागंत पोरं अशीच करत्यात," आणि कूस बदलून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी तात्या सगळ्यांच्या आधी उठले. मफलर गुंडाळून बाजाराच्या रस्त्याला लागले. पहिली टपरी वडापावची, दुसरी सँडविचची. एका ठिकाणी पाटीवर ‘घरगुती नाश्ता’ असं होतं, आत जाऊन पाहिलं तर मॅगी. पठाराकडं वळणाऱ्या रस्त्यावर एक बाई मक्याच्या कणसांची गाडी लावत होती. गाडीमागं तीन दगडांच्या चुलीवर तवा होता, आणि तव्यावर ज्वारीची भाकरी फुगत होती.

"भाकरी मिळंल का, बाई?"

"ही आमच्या घरच्यांपुरती हाय. इकायला कणसं हायती."

"नातीसाठी पायजे. दुसरं काय खात न्हाई."

बाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठलं म्हणायचं पावनं?"

"उंब्रज."

"अगं आई गं! उंब्रजची माणसं भाकरी हुडकत पाचगणीला आली!" ती तिकडं घोड्याला खरारा करणाऱ्या नवऱ्याला ओरडून म्हणाली, "ऐकलं का? भाकरीचा बोर्ड लावा आता. कणसं ऱ्हाऊ द्या."

"लाव की रंगुबाई मॉल," नवरा तिकडून म्हणाला.

तात्या हसले. रंगुबाईनं तव्यावरची भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी करून शेकली, स्वच्छ फडक्यात बांधून दिली, वर आणखी एक दिली. पैसे घेताना मात्र कणसांचेच घेतले. "भाकरीचा भाव मला ठावं न्हाई," म्हणाली.

हॉटेलात पोचेपर्यंत भाकरी तात्यांच्या छातीशी ऊबदार होती. त्यांनी डोसेवाल्याकडून वाडग्यात गरम दूध मागून आणलं, गूळ नव्हता म्हणून साखर घातली आणि वाडगा सईसमोर सरकवला. मग भाकरीचं फडकं उघडून हाताची घडी घालून बसले. शिकवताना बसत तसे.

सईचा चेहरा उजळला. तिनं भाकरी हुंगली. पण कुस्करायला हात घातला नाही. ती आजीच्या हातांकडं पाहू लागली.

शालूबाईंनी हात पदराखाली घेतले.

"खा की," त्या म्हणाल्या. "दूध निवलं."

सईनं एक कोर मोडली, दुधात बुडवली, चावत राहिली. आणखी एक. मग वाडगा अलगद पुढं सरकवला. तिच्या ओठांवर दुधाची रेघ तशीच होती.

"तात्या, रागावू नका. पोट भरलं."

"रागवीन कशाला?" तात्या म्हणाले. उरलेली भाकरी त्यांनी पुन्हा फडक्यात बांधली. गाठ नीट बसेना.

पार्कात अंकिता सईला घेऊन पाण्याच्या घसरगुंडीकडं गेली. तात्या आणि शालूबाई एका निळ्या छत्रीखालच्या बाकावर बसले. समोर मोठा पाळणा वर जाऊन थांबत होता, किंकाळ्या उठत होत्या, पुन्हा खाली येत होता.

"सकाळी हात का लपवलेस?" तात्यांनी विचारलं.

शालूबाई पाळण्याकडं पाहत राहिल्या.

"शालू."

"मी घास काढला न्हाई, म्हणून."

तात्यांना कळायला क्षणभर वेळ लागला. त्यांच्या घरची ती रीत होती. तात्यांचे वडील पलटणीत गेले तेव्हा आईनं सुरू केलेली. सकाळच्या पहिल्या भाकरीतला चतकोर मोडून ताटाच्या कडेला ठेवायचा, लांब असलेल्या माणसाच्या नावानं. सगळ्यांचं खाणं झालं की तो घरातल्या लहान्यानं खायचा, म्हणजे लांबच्याच्या पोटाला लागतो. जयराज भरती झाल्यावर शालूबाई तो काढू लागल्या, आणि सईला दात आल्यापासून तो सई खाऊ लागली. जयराज गेल्यावर तो बंद व्हायला हवा होता. पण तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शालूबाईंच्या हातानं तो आपसूक मोडला गेला, सईनं तो खाल्ला, आणि घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. रोज डोळ्यांसमोर होत होतं, इतकं रोज, की तात्यांना ते दिसेनासं झालं होतं.

"वाट बघती ती," तात्या म्हणाले. "म्हणून खात न्हाई."

"मला दिसतंय की. आंधळी हाय का मी?"

"मग काढायचास. मी अख्खा बाजार पालथा घातला..."

"आन् सांगलीत?" शालूबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडं तोंड वळवलं. "तितं कोण काढणार? अंकितानं काढायचा? नव्या नवऱ्याच्या ताटाशेजारी आदल्याचा घास? आवं, तो माणूस चांगला हाय म्हणून त्याला रोज सकाळी टोचायचं का? पोरीची सवय हितंच मोडाय पायजे. माझ्या डोळ्यांम्होरं. तितं जाऊन उपाशी बसली तर मी काय उंब्रजहून हात लांब करू?"

तात्या पाण्याच्या बाटलीचं बूच फिरवत बसले.

"तुमी सांगाया आलाय, मी मोडाया आलीया," शालूबाई म्हणाल्या. "तुमचं काम झालं न्हाई. माझं बी झालं न्हाई."

पाळणा खाली आला. माणसं हसत उतरली. शालूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "ऊन काय म्हणायचं हे," असं म्हणून त्या उगीचच छत्रीकडं वर बघू लागल्या. तात्यांनी त्यांच्याकडं पाण्याची बाटली दिली. त्यांनी ती घेतली आणि तशीच मांडीवर धरून ठेवली.

घसरगुंडीवरून सई खाली आली. पाण्यात पडली, उठली, केस मागं सारत तिनं दोघांकडं हात केला. तात्यांनी हात केला. शालूबाईंनीही केला.

तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. बॅगा हॉटेलच्या दाराशी आणून ठेवल्या होत्या. अंकिता जिन्यातच तात्यांच्या शेजारून चालत म्हणाली, "तात्या, आज राहू देऊ नका. घरी गेल्यावर मला नाही जमणार. घरात सगळीकडं त्यांचे फोटो आहेत."

"आज सांगतो," तात्या म्हणाले. "खाल्लं तरी, न खाल्लं तरी."

रांगेत तात्यांनी यावेळी झाकणं उघडली नाहीत. त्यांनी रिकामी ताटली सईच्या हातात दिली. "तुला काय पायजे ते तूच घे. नाव ठाऊक नसलं तर विचार. विचारायला लाजायचं न्हाई."

सई पुढं गेली. टोपीवाल्याशी काहीतरी बोलली. परत आली तेव्हा ताटलीत तीन इडल्या होत्या आणि वाटीत चटणी. ती आजी आणि आई यांच्यामधल्या खुर्चीवर बसली. तात्या समोर.

"सई," तात्यांनी सुरुवात केली. मग थांबले. "आधी खा."

सईनं दोन्ही बाह्या वर केल्या. इडलीचा तुकडा मोडला आणि ताटलीच्या कडेला ठेवला.

शालूबाई काही बोलणार, एवढ्यात सईनं दुसरा तुकडा मोडला. तो पहिल्याशेजारी ठेवला. मग तिसरा.

"तीन कशाला गं?" अंकितानं विचारलं.

"हा बाबांचा." सईनं बोट ठेवून दाखवलं. "हा आजीचा. हा तात्यांचा."

"आमी हितंच हाय की, बाळा," शालूबाई म्हणाल्या.

"आज हायसा." सई ताटलीकडंच बघत होती. "सांगलीला न्हाई ना. तितं मलाच काढायला लागंल. कालपासनं बघत होते, आजी करती तसा मोडायला जमतंय का."

शेजारच्या टेबलावरचा लहान मुलगा ज्यूस सांडून रडत होता आणि त्याची आई त्याला समजावत होती.

"तुला कुणी सांगितलं?" अंकितानं विचारलं. तिचा आवाज खाली गेला होता.

"कुणी न्हाई. तू माझा शाळेचा दाखला काढलास ना. बाईंनी विचारलं, सांगलीला चाललीस का म्हणून." मग तिनं तात्यांकडं पाहिलं. गणित दाखवायला आणताना बघायची तशी. "तात्या, एवढा मोठा पुरं ना? का लय झाला?"

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वाकून तिन्ही तुकडे नीट पाहिले. शुद्धलेखन तपासायला लागे तेवढा वेळ लावला. मग आपल्या नावाचा तुकडा उचलून अर्धा मोडला. एक अर्धा होता तिथं परत ठेवला आणि दुसरा तिच्या इडलीवर.

"माझा एवढा बास," ते म्हणाले. "मी म्हातारा माणूस. मला जास्त लागत न्हाई. तू तुझ्या पोटाचं बघायचं."

सईनं मान हलवली. लक्षात ठेवल्यासारखी. मग चटणीची वाटी जवळ ओढून ती खायला लागली.

पहिली इडली संपली. दुसरी संपत आली. शालूबाईंचा हात तिच्या पाठीवर होता, आणि तो तिथून हलत नव्हता. अंकिता खुर्ची मागं सारून उठली, पण कुठं जायचं ते तिला कळेना.

"आणखी एक आणू का गं?" तिनं विचारलं.

"दोन आण," सई तोंडात घास असतानाच म्हणाली.