रत्नाबाईचा लेप

"आत्या, आता लेप पुरे. मामांना पौडला दवाखान्यात न्या," सायली सासूला म्हणाली.

रत्नाबाईचा पाट्यावरचा हात थांबला नाही. दुर्वा, तांदूळ आणि गेरू. अंगावर फोडांची नागीण उठली की माले गावातली माणसं डॉक्टरकडे न जाता तिच्या ओट्यावर यायची. पैसा तिनं कधी घेतला नाही, मान मात्र पुरेपूर घेतला. आता घरचाच माणूस दवाखान्यात नेला, तर तिच्याकडे कोण येणार होतं?

"कालची पोर तू, मला शिकवतीयास व्हय? उतरंल."

तिच्या नवऱ्याच्या, हैबतरावांच्या, कपाळावरचे फोड भुवईखाली आले होते. पापणी सुजून मिटली होती. "लई आग हुतीया गं," ते म्हणाले, "पर लाव. तुज्या हाताला गुण हाय."

फोड उतरले, खपल्या पडल्या. पापणी उघडली तेव्हा बुबुळ पांढरं पडलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

"मीच आलो न्हाई. कामं हुती," हैबतराव चटकन म्हणाले. शेजारी उभ्या रत्नाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून ओट्यावर कुणी आलं की हैबतराव डोक्यावरचा टॉवेल त्या डोळ्यावर ओढून घेत. बायकोचं नाव राखायचं होतं त्यांना. आणि ती लेप वाटत राहिली.

परवा शेजारची भीमाबाई आली. पदर सारला तर डोळ्याच्या कडेपर्यंत लालभडक फोड. "रत्नाबाई, रातभर झोप न्हाई बघा. वाईच लेप लावता का?"

हैबतरावांनी सवयीनं टॉवेल ओढला. "दे गं तिला वाटून."

रत्नाबाई पाट्याकडे गेलीच नाही. नवऱ्यासमोर बसून तिनं टॉवेल खाली घ्यायला हात घातला. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं, मग सोडलं. पांढरं बुबुळ उघडं पडलं.

"ह्यो बघ माज्या हाताचा गुण," ती भीमाबाईला म्हणाली. "सायली, हिला पौडला ने. आत्ताच्या आत्ता."

त्या दोघी गेल्या. "कशाला दावलंस गं?" हैबतराव म्हणाले.

त्यांच्या डोळ्यातून गळणारं पाणी तिनं पदरानं टिपलं. टॉवेल धुऊन दोरीवर टाकला. हैबतराव तसेच, उघड्या चेहऱ्यानं, रस्त्याकडे तोंड करून बसून राहिले.