तीन फेऱ्या

फादर टायनननी बिस्किटांच्या डब्यात हात घातला, चिठ्ठ्या ढवळल्या, एक बाहेर काढली आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचली.

"मॅनस गिल्डी. चर्चिलच्या बाजूनं."

सभागृहात कुणी हसलं नाही. मागच्या बाकावर कॉनी स्वीनी बसला होता. पोर्टनाहर्कमध्ये दारूचा गुत्ता आणि शवपेट्यांचं दुकान एकाच छपराखाली चालवणारा हा एकटाच. तो म्हणाला, "मास्तर, जाता जाता माझ्या दुकानावरून जा. माप घेऊन ठेवतो."

मग मात्र सगळे हसले. दुसरी चिठ्ठी काढायची गरजच नव्हती. चर्चिलच्या बाजूनं मॅनस, म्हणजे आयर्लंडच्या तटस्थतेच्या बाजूनं आयरिस कोल्हून. आयरिस पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. तिनं मान वळवून मॅनसकडे पाहिलं आणि अगदी सहानुभूतीनं विचारलं, "काय रे मास्तर, पाणी आणू का?"

चिठ्ठीचा नियम जुना होता. यादवीत गावानं एकमेकांवर गोळ्या झाडल्या, त्यानंतर दहा वर्षांनी तेव्हाच्या फादरनी ही वादसभा सुरू केली आणि बाजू डब्यातून काढायची असं ठरवून टाकलं. हेतू असा, की माणूस जे बोलला ते त्याच्या अंगावर येऊ नये. बोलली ती चिठ्ठी. त्या नियमाखाली गावानं घटस्फोटापासून मेंढ्यांच्या औषधापर्यंत सगळ्यावर वाद घातले होते. फक्त एक विषय कुणी डब्याजवळ आणला नव्हता. आता महायुद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाली, आणि फादर टायनन गावात नवे होते.

खरं तर तो वाद मॅनस आणि आयरिस तीस वर्षं दर रविवारी मॅनसच्या स्वयंपाकघरात घालत होते, सोडा-ब्रेड आणि लोण्याबरोबर. आयरिसचा भाऊ वेस्ली ब्रिटिश हवाई दलात गेला होता आणि परत आला नव्हता. मॅनसचा बाप त्याच काळात गावच्या टोकावरच्या पहाऱ्याच्या खोलीत बसून समुद्राकडे बघत असे. पगार आयरिश सरकारचा, काम बघण्याचं, आणि बघितलेलं वहीत लिहिण्याचं. आयरिस म्हणे, जग जळत असताना तुमचा पंतप्रधान डी व्हॅलेरा शेजारच्या घरात बसून खिडकीचे पडदे मोजत होता. मॅनस म्हणे, ज्या शेजाऱ्यानं सातशे वर्षं आमचंच घर जाळलं, त्याच्याकडे बादली घेऊन धावायला आम्ही काय संत आहोत? मग ती म्हणे, चहा गार झाला. इथवर आलं की त्या रविवारचा वाद संपत असे.

चिठ्ठी निघाली त्याच संध्याकाळी दोघांनी शस्त्रं बदलली. आयरिसनं चर्चिलवरची तीन जाड पुस्तकं मॅनसच्या टेबलावर आपटली. मॅनसनं बुटांचं खोकं तिच्या हाती दिलं. त्यात तटस्थतेची तीस वर्षांची कात्रणं होती.

"विजयाच्या आठवड्यात चर्चिल रेडिओवर आपल्याला काय काय बोलला, ते सगळं यात आहे," तो म्हणाला. "आणि आपल्या डी व्हॅलेरानं तीन दिवस थांबून दिलेलं उत्तरही. ते मोठ्यानं वाच. रडू येईल."

"मला?"

"लोकांना. तुला काय येणार."

निघताना ती दारात थांबली. तिचा उजवा गुडघा धड नव्हता. दारालगत चुन्यानं रंगवलेले पांढरे दगड ओळीनं मांडले होते. त्यातल्या सगळ्यात मोठ्या दगडावर पाय ठेवून तिनं बुटाची नाडी बांधली. दर रविवारी बांधायची तशीच. मॅनस दर ईस्टरला त्या दगडांना नवा चुना लावत असे. आधी त्याची आई लावायची. बापानं कधी ब्रश हातात घेतला नाही. तो तर पुढच्या दारानं येतही नसे. चिखलाचे बूट घेऊन मागून यायचा.

"चर्चिलला नीट वागव हं," आयरिस जाता जाता म्हणाली. "आता तो तुझा आहे."

सभा रविवारी जेवणानंतर भरली. मॅनसनं चर्चिलला नीटच वागवलं. चाळीस वर्षं शाळा चालवलेल्या माणसाला नावडत्या धड्यातही जीव ओतता येतो. एकटं पडलेलं बेट, रोज कोसळणारे बाँब, आणि झोप उडालेल्या देशाला शब्दांवर उभं ठेवणारा एक म्हातारा. "हा माणूस आपला मित्र नव्हता," तो म्हणाला. "भारतातल्या लोकांनाही विचारा, त्यांचाही नव्हता. पण घराला आग लागते तेव्हा बंबवाल्याचं शील तपासत नाहीत." लोक चुळबुळ करायचे थांबले. कॉनीनं तोंडातला पाइप काढला. मॅनसला चव लागली. पुढचं त्याच्या कागदावर नव्हतं.

"चव्वेचाळीसचा फेब्रुवारी आठवा. आपल्या वेस्ली कोल्हूनचं विमान समुद्रावरची गस्त संपवून परत तळावर निघालं होतं. ढग फाटला, आणि खाली काय दिसलं? पोर्टनाहर्क. त्या विमानानं गावावर तीन फेऱ्या मारल्या. तीन. मिसेस कोल्हून अंगणात आल्या आणि टेबलावरचा कपडा ओढून हलवत राहिल्या. मग विमान ढगात गेलं आणि डोंगरानं त्याला घेतलं. आपण तटस्थ होतो, मंडळी. पण त्यानं आपल्याला राम राम केला. पोरगं दुसऱ्याच्या युद्धातून येऊन आपल्या आईला तीनदा भेटून गेलं. ते युद्ध आपलं नव्हतं, असं मला सांगा आता कुणीतरी."

टाळ्या सुरू व्हायला वेळ लागला. तिसऱ्या रांगेतल्या बाया रुमाल शोधत होत्या. तीन फेऱ्यांची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. तरी ती सभेत, आणि तीही मॅनस गिल्डीच्या तोंडून, कुणी ऐकली नव्हती. मॅनसनं बसताना आयरिसकडे पाहिलं. शाबासकी हवी असलेला विद्यार्थी बघतो तसं. ती हातातले कागद सरळ करत होती. एकदा केले. पुन्हा केले.

ती उठली. बुटांच्या खोक्यातलं तिनं काहीच वाचलं नाही. डी व्हॅलेराचं उत्तर नाही, कात्रणं नाहीत.

"मी तुम्हाला एका वहीतलं वाचून दाखवते," ती म्हणाली. "टोकावरच्या पहाऱ्याची वही. मूळ प्रत डब्लिनच्या दफ्तरात आहे. ही नक्कल. अक्षर मास्तरांच्या वडिलांचं, ह्यू गिल्डींचं."

मॅनस पुढे सरकून बसला. ही वही त्यानं कधी पाहिली नव्हती. बाप वहीबद्दल बोलत नसे. फार विचारलं तर म्हणे, सरकारी आहे.

"'सकाळी सहा. समुद्र शांत. काही नाही,'" आयरिस वाचू लागली. "'सात. काही नाही. आठ. मासेमारीची होडी, ओनी बॉयल, नशेत. नऊ. काही नाही.'" हशा पिकला. तिनं तो ओसरू दिला. "'रात्री दोन. वायव्येला उजेड, अकरा मिनिटं. फोन केला. पुन्हा फोन केला. पहाटे पाच. तराफा, चार माणसं, इंग्रज. कोरडे कपडे दिले. तिघं जगले.' मंडळी, तटस्थ माणूस असा दिसतो. पाच वर्षं, दर तासाला. त्यानं कुणाला मारलं नाही. जे दिसलं ते लिहिलं, खोटं एक अक्षर लिहिलं नाही. थोर माणसं भाषणं करतात. ह्यू गिल्डी वही लिहीत होते. युद्धानंतर जग पुन्हा मांडायचं तर मला हा दुसरा माणूस हवा."

मग तिनं शेवटचा कागद वर घेतला.

"अकरा फेब्रुवारी, चव्वेचाळीस. 'दुपारी तीन दहा. विमान. तीन फेऱ्या. दर वेळी उंची कमी.'" ती थांबली. बोट कागदावर खाली सरकलं. "'तीन सतरा. ढगात. तीन एकोणीस. आवाज. फोन केला.'"

कागद घडी करून ती बसली.

तटस्थता एकोणचाळीस विरुद्ध बावीस मतांनी जिंकली. मॅनस चर्चिलसह पडला. कॉनी म्हणाला की इंग्रज मेला की शवपेटी फुकट द्यायची आपल्या घराण्याची रीत आहे. चहाच्या गर्दीत आयरिसनं बुटांचं खोकं मॅनसच्या काखेत दिलं. "तुझी कात्रणं. आणि वहीचे कागदही त्यातच आहेत. तुझ्या बापाचं अक्षर आहे, तुझ्याकडे असू दे." मॅनस तिच्या वाचण्याचं कौतुक करणार होता. ती तोवर कपबशी ठेवायला निघून गेली होती.

घरी येऊन त्यानं खिडकीपाशी उजेडात कागद उलगडले. बापाचं अक्षर बारीक, उभं, कुठे खाडाखोड नाही. त्यानं ओनी बॉयलची नोंद पुन्हा वाचली आणि पुन्हा हसला. मग अकरा फेब्रुवारी.

'तीन दहा. विमान. तीन फेऱ्या. दर वेळी उंची कमी.' त्याच्याखाली आणखी दोन ओळी होत्या. त्या आयरिसनं वाचल्या नव्हत्या.

'टोकावरच्या खुणेत आकडा नाही. विमान आकडा शोधत असावे. आकड्याचे दगड मी अठ्ठावीस जानेवारीच्या वादळात घराच्या छपराला बांधले, वारा पडल्यावर परत न्यायचे होते, नेले नाहीत.'

समासात वेगळ्या शाईत वरिष्ठानं लिहिलं होतं: 'पाहिले.' आणि खाली सही.

मॅनस खुर्चीत बसला. खुर्ची नेमकी कुठे आहे ते न बघता बसला, त्यामुळे अर्धा तिच्या कडेवरच टेकला, आणि तसाच राहिला.

खूण त्याला माहीत होती. सगळ्या गावाला माहीत होती. टोकावर पांढऱ्या दगडांनी देशाचं नाव लिहिलेलं असे, आणि वर चौकीचा आकडा. वरून वैमानिकाला कळावं, की हा तटस्थ देश आणि ही अमुक चौकी, म्हणजे घर कुठल्या दिशेला. किनाऱ्यानं सगळीकडे अशा खुणा होत्या. नुसतं नाव वाचून इतकंच कळे की खाली आयर्लंड आहे. आकडा नसला तर डोंगर डावीकडे की उजवीकडे, हे खाली उतरूनच बघावं लागे. एकदा. दोनदा. तीनदा.

एकोणसाठ साली गवताचं छप्पर काढून दगडी कौलं घातली, तेव्हा गवत धरून ठेवणाऱ्या दोरांचे दगड खाली उतरले. ते फेकायचे कशाला म्हणून आईनं दारालगत ओळीनं मांडले. त्यांना आधीच चुना कसा लागलेला होता, हे मॅनसनं कधी विचारलं नव्हतं.

बाप मागच्या दारानं यायचा.

बऱ्याच वेळानं त्याचं लक्ष कागदाच्या कोपऱ्याकडे गेलं. डब्लिनच्या दफ्तराचा जांभळा शिक्का होता आणि नक्कल दिल्याची तारीख. त्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. साल शहाऐंशी होतं. यंदाचं नव्हे, गेल्याचंही नव्हे. शहाऐंशी.

तो उठला आणि डोक्यावर टोपी न घालता गल्ली ओलांडून आयरिसच्या दारात गेला. दार उघडंच होतं. ती ओट्याशी उभी राहून कप विसळत होती. मागे भिंतीवर वेस्ली गणवेशात हसत होता.

"ये," ती वळून न बघता म्हणाली. "हरलेल्याला चहा मिळतो."

"नऊ वर्षं," मॅनस म्हणाला. "हा कागद तुझ्याकडे नऊ वर्षं आहे."

तिनं नळ बंद केला.

"दर रविवारी माझ्या टेबलाशी बसून तू तटस्थतेला शिव्या घातल्यास. नऊ वर्षं. हा एक कागद टेबलावर टाकला असतास तर मी तोंड उघडलं नसतं."

"म्हणूनच नाही टाकला," आयरिस म्हणाली. "मग रविवारी मी बोलले असते कुणाशी?"

मॅनस दाराच्या चौकटीला धरून उभा होता. ती कप पुसत राहिली. पुसून झालेलाच.

"आज तरी वाचायच्यास त्या ओळी."

"आज मी तटस्थ होते. आपल्याच बाजूवर उलटेल असा पुरावा कुठला वकील वाचतो?" मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि गावाला काय सांगू? की आई कपडा हलवत होती, आणि वरची पोरं खाली आकडा शोधत होती? आई जाईपर्यंत तीन फेऱ्यांवर जगली. तुझं भाषण चांगलं झालं. मला वाटलं होतं ती गोष्ट तू घेशील. घेतलीस."

"आयरिस, मी ते सभेत..."

"ती चिठ्ठी बोलली, मास्तर. तो नियम आहे."

तिनं कप टेबलावर ठेवला. त्याच्या पुढ्यात एक, स्वतःच्या पुढ्यात एक. मॅनस बसला नाही.

"उद्या सकाळी ढकलगाडी काढतो," तो म्हणाला. "दारातले दगड सगळे टोकावर नेऊन ठेवतो. होते तिथे. आजवर कुणी नेले नाहीत."

आयरिसनं किटली उचलली आणि दोन्ही कप भरले, त्याचा जरा जास्त.

"ने," ती म्हणाली. "मोठा तेवढा राहू दे. मला नाडी बांधायला लागतो."