एसीला ठिबक

जीवराम अठ्ठावन्नचा झाला तरी कॉलनीत त्याला कोणी आबा म्हणत नव्हतं, नाना म्हणत नव्हतं. म्हणणार तरी कसं? या माणसाने एकदा "नळ पहाटे तीनला येणार" असा मेसेज सोडून अख्खी गल्ली ड्रम घेऊन उभी केली होती आणि स्वतः गच्चीवरून टॉर्च मारत हजेरी घेतली होती. लोक हसायचे, पण लांबून. बायको होती तोवर तिच्यामुळे चार दारं उघडी होती. ती गेली. मुलगी दिपमाला धुळ्यात नांदतेय. आता जीवरामने कुणाचंही दार वाजवलं की आतून पहिला प्रश्न यायचा, "आज काय नवीन काढलं?" आणि कडी तशीच राहायची.

शेजारच्या मोहनबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. नवरा दलिचंदशेठ गेल्यावर त्या फैजपूरचं दुकान आवरून इथे राहायला आल्या. मुलगा अर्पित सुरतेला. त्याने आईच्या खोलीत एसी बसवून दिला. रोज फोन करून "मम्मी, एसी लावला ना?" एवढं विचारायचा आणि ठेवून द्यायचा.

जळगावचा मे महिना. एसीचा बाहेरचा डबा पश्चिमेला, मागच्या खिडकीच्या लोखंडी जाळीला टेकून बसवलेला. चार वाजले की तापून बंद. मोहनबाईंनी भिंतीवरून हाक मारली. जीवरामची हयात पाईपच्या कारखान्यात गेलेली. त्याला कुठल्याही दुखण्यावर एकच औषध माहीत, ठिबक. त्याने डब्यावर वाळ्याचा पडदा बांधला, वरून ठिबकची नळी फिरवली, बोअरचं पाणी जोडलं. खोली अशी गार पडली की मोहनबाईंनी शाल काढली.

त्यांनी चहा दिला. मागच्या पायरीवर, स्टीलच्या ग्लासात, जसा गवंड्याला देतात तसा. सोबत खाखरा. स्वतः उंबऱ्यावर बसल्या आणि फैजपूरच्या केळीवाल्यांचे किस्से सांगत राहिल्या. कितीतरी महिन्यांत कोणी त्याच्याशी एवढं सलग बोललं नव्हतं. ग्लास खाली ठेवताना जीवरामच्या मनात आलं, हे परत व्हायला पाहिजे.

मग खोडकर माणूस करतो ते त्याने केलं. नळी लांबवून तिचा कॉक बाहेर बोळीत आणला, आपल्या न्हाणीच्या खिडकीखाली. एकटं वाटायला लागलं की कॉक बंद. तासाभरात फोन.

"जीवरामभाऊ, हवा गरम येते हो."

"आलो अक्का. हात लावू नका कशाला."

येता येता कॉक उघडायचा. मग डब्याची नाडी बघायची, कान लावायचा, भुवया आवळायच्या.

"काय झालंय त्याला?"

"तसं काही नाही. एकटं राहिलं की तापतं हे."

"माणसासारखंच झालं की," मोहनबाई म्हणायच्या आणि चहा टाकायला जायच्या.

असा उन्हाळा चालला होता. आणि एका दुपारी कॉक उघडा असताना फोन आला.

"भाऊ, बोर्डावरचं एसीचं बटण सारखं खाली पडतंय. आणि टॉवेल काढायला गेले तर जाळीला हात लागून मुंग्या आल्या."

जीवराम पायात चपला न घालताच निघाला. जाळीला टेस्टर लावला, दिवा लागला. डब्याला वास येत होता, प्लास्टिक जळाल्याचा. बोअरच्या खारट पाण्याने पत्र्यावर पांढरी खपली धरली होती आणि नळीचं एक भोक सरकून थेंब थेंब पाणी वायरींच्या झाकणात जात होतं. त्याची अक्कल, त्याचा चहा, त्याचं पाणी.

त्याने मेन बंद केला. पिशवीत काळी टेपपट्टी होती. झाकण पुसायचं, पट्टी गुंडाळायची, नळी काढून पिशवीत टाकायची. कुणाला कळलं नसतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चहा. हिलाल मेकॅनिकला बोलावलं तर तो पहिल्या नजरेत सगळं ओळखणार, मोहनबाईंसमोर बोलणार, आणि हे एक दारही जाणार. पट्टीचं टोक त्याने नखाने सोडवलंसुद्धा.

मागे मोहनबाई उभ्या होत्या. "मेन बंद आहे ना आता? मग टॉवेल काढू का?" त्यांनी ओला हात पुढे केला. "तुम्ही सांगाल तसं."

जीवरामने पट्टी पुन्हा चिकटवली. टॉवेल स्वतःच काढून त्यांच्या हातात दिला.

"अक्का, हे माझ्या हातचं नाही. हिलालला बोलावतो. तो येईपर्यंत जाळीकडे फिरकायचं नाही."

हिलाल आला. त्याने पडदा वर केला, खाली केला, नळीकडे बघितलं.

"हाई ठिबक कोनी लायं? आठे केळी लावनी शे का?"

"मी लावलं," जीवराम म्हणाला.

"मग जीवराम, तुले सांगतो. पाणी आणि करंट जिथे भेटले तिथे टेपपट्टी घेऊन बसायचं नाही, सरळ फोन करायचा. वास आला, बटण पडलं, झटका बसला, यातलं एक झालं तरी." त्याने नळी ओढत ओढत बोळीपर्यंत नेली. "आणि हा कॉक इतक्या लांब कशाले?"

जीवरामला अशा वेळी सतरा उत्तरं सुचायची. आज तो वाकून नळी गुंडाळायला लागला. मोहनबाईंनी कॉककडे बघितलं, वरच्या न्हाणीच्या खिडकीकडे बघितलं. मग आत गेल्या. चहा आला तो एकाच ग्लासात, आणि तो हिलालला.

हिलालने जळकी वायर बदलली, अर्थिंग करून दिलं, डब्यावर सावलीला पत्रा ठोकला. एसी सरळ चालायला लागला. इतका सरळ, की जीवरामच्या न्हाणीत त्याची घरघर दिवसभर ऐकू यायची. फोन येत नव्हता. जीवरामने एक-दोनदा दुकानातल्या फोनवरून स्वतःलाच मिस कॉल देऊन बघितला, रिंग चालू आहे की नाही. चालू होती.

शेवटी एका संध्याकाळी त्याने शर्ट बदलला आणि पुढच्या दाराने गेला. हातात पिशवी नाही, आणि हातांचं काय करावं ते कळत नाही.

मोहनबाई जाळीच्या दाराआड आल्या. "एसी चालू आहे, भाऊ."

"हो. ऐकू येतो."

"मग?"

"मग काही नाही. बसायला आलो."

त्यांनी त्याच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मग कडी काढली. "चप्पल बाहेर."

पुढच्या खोलीत तो खुर्चीच्या टोकावर बसला. चहा आला, कपबशीत. बशी वाजू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी धरली. काही बिघडलेलं नव्हतं, त्यामुळे बोलायला काही नव्हतं. पंखा फिरत होता. आत अर्पितचा फोन वाजला, "हो, लावला" म्हणून मोहनबाई परत येऊन बसल्या.

कप रिकामा झाला. जीवराम उठला.

"उद्या माळ्यावरचा जुना कुलर बघता का?" मोहनबाई म्हणाल्या. "फैजपूरहून आणलेला."

"काय झालंय त्याला?"

"काही नाही. चालतो."

जीवरामने भुवया आवळल्या. "मग तर बघावाच लागेल."