सुटलेली बरगडी

“अगं, श्वास तरी घेता येतो का तुला यात?” डॉक्टरीणबाई पोरीच्या छातीखालचा जाड पट्टा सोडता सोडता म्हणाल्या.

“मीच शिवलाय!” टेलरबाई कौतुकाने म्हणाल्या. “दुहेरी कापड, आत कडक अस्तर. दुखऱ्या बरगड्यांना आधार नको का?”

टेलरबाई म्हणजे पोरीची आई. अख्ख्या गल्लीची मापं त्यांना तोंडपाठ. सैल दिसलं की आवळायचं, एवढं सरळ त्यांचं गणित! इकडे पोरगी साधं शिंकली तरी कळवळायची. शर्यतीत वाऱ्यासारखी पळणारी ती, आता जिना चढताना कठडा धरायची. एक्स-रेत काही दिसेना, रक्तात काही सापडेना. शेवटी टेलरबाईंचाही संयम सुटला. “परीक्षा आली की बरं दुखतं गं तुझं! नाटकं पुरे,” असं म्हणत त्या पट्टा आणखी एक हूक आत ओढायच्या. पोरीने मग सांगणंच सोडलं. आईला वाटलं, चला, गुण आला!

डॉक्टरीणबाईंनी बोटं वाकवून खालच्या बरगडीत अडकवली आणि अलगद पुढे ओढली.

कट्!

पोरगी किंचाळली. तो आवाज आईनेही ऐकला.

“सापडली लबाड! बरगडीच्या टोकाचं मऊ हाड असतं ना, कूर्चा, ती सुटलीय. ती वरच्या बरगडीखाली सरकते आणि नस चिमटते. एक्स-रेत नाही दिसत, हातालाच कळतं. ऑपरेशन करून वरच्या बरगडीला शिवून टाकू.”

“आणि पट्टा?” टेलरबाईंचा आवाज खोल गेला.

“त्याने ती आणखी आत दाबली जात होती, ताई.”

टेलरबाईंनी तो पट्टा उचलला आणि पिशवीच्या तळाशी कोंबला.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने पोरीची उशी सारखी केली.

“काय गं राणी, दुखतंय का?”

पोरीने आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग ओठ घट्ट मिटून मान हलवली. “नाही.”

चादरीची कड तिने मुठीत गच्च आवळली होती. टेलरबाईंना ती मूठ दिसली. त्या पोरीच्या केसांवरून हात फिरवायला पुढे झाल्या, आणि तशाच थबकल्या.

“मी जरा बाहेर थांबते हं,” त्या नर्सला म्हणाल्या. “तुम्ही तिला पुन्हा एकदा विचारा.”

बाहेर येऊन त्यांनी दार आपल्यामागे हलकेच लोटून घेतलं.