ठिपक्यांची पाटी आणि कोरडी टाकी

मित्रांनो, मी एक जुनी ठिपक्यांची पाटी आहे. तळहाताएवढी, काळी, अंगभर पांढरे ठिपके. माझ्यावर कुणी कधी अक्षर गिरवलं नाही, पण माझा तोरा काही कमी नव्हता.

आमच्या प्रयोगशाळेत काचेची टाकी आहे. तिच्या पाण्यात बारीक कण सोडतात, लेझरचा झोत टाकतात आणि चार कॅमेरे चार बाजूंनी फोटो काढतात. कण कुठून कुठे सरकले त्यावरून पाणी वर-खाली, आत-बाहेर कसं वाहतं ते कळतं. पण चौघांची चार मतं! म्हणून आधी मला टाकीत उभं करायचं. माझे ठिपके पाहिले की चौघांचं जमतं.

इथे संशोधन करणारी आमची ताई त्या टाकीत हृदयाची कृत्रिम झडप तपासायची. झडप तिनेच रक्ताचं पाणी करून घडवलेली. झडपेजवळ रक्त साचलं तर गुठळी होते, म्हणून पाणी कुठेही थबकता कामा नये. एके दिवशी चित्र अगदी सुरेख आलं, पाणी कुठेच थबकलेलं नाही. तिचे सर म्हणाले, "झकास. आता पुढे पाठवू."

ताई खुशीत मला पुसायला आली आणि थांबली. रोज माझ्यावर वाळलेल्या थेंबांचे डाग असतात. आज एकही नव्हता.

"सर, घाईत मी पाटी कोरड्या टाकीत लावली. पाणी नंतर भरलं."

कॅमेऱ्यांनी माझे ठिपके हवेत पाहिले आणि कण मात्र पाण्यात; पाण्यात चमचा वाकडा दिसतो ना, तशीच कणांची जागा चुकली होती.

"असेल थोडा फरक. एवढं छान आलंय गं."

"ही झडप कुणाच्या तरी छातीत बसणार आहे, सर. परत करते."

मला वाटलं, अगं बाई, गप्प बस की. कुणाला कळणार होतं?

तिने टाकी भरली, मला पाण्यात उभं केलं, सगळं पुन्हा केलं. या वेळी झडपेच्या बिजागरीपाशी कण जागच्या जागी घुटमळताना दिसले. झडप बाद. ताई स्टुलावर बसून रडली. मलाही फार वाईट वाटलं. सर खुर्ची ओढून शेजारी बसले. "चल, बिजागरी बदलू," म्हणाले.

ती बदलता बदलता बराच काळ गेला, पण शेवटी पाणी वाहतं झालं.

आता नवी पाटी आली आहे. मी टेबलावर पडून असते, लोक माझ्यावर चहाचा कप ठेवतात. काय बोलणार?

परवा एक आजोबा प्रयोगशाळा बघायला आले. खोली शांत होती, त्यांच्या छातीतून झडपेची बारीक टिकटिक ऐकू येत होती. ताईने मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी माझ्यावरचा चहाचा डाग बाहीने पुसला.

मित्रांनो, मोजमापाच्या वस्तू अशाच पुसून ठेवा. आणि चित्र फारच मनासारखं आलं, तर पाटी ओली होती ना, तेवढं बघा.