निळ्या कोटावरचं रफू

रफूवाल्या बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि तीन वर्षं त्या म्हणत होत्या, "पिकू दे, मग बघू." खरं म्हणजे त्यांना भीती वाटत होती. डोळा गेला तर कामही गेलं. फाटलेलं कापड असं सांधायचं की सांधा शोधूनही सापडू नये, ही त्यांची चाळीस वर्षांची कमाई.

"पिकायला ते फळ आहे का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळ्यात एक स्वच्छ भिंग असतं. तुमचं गढूळ झालंय, पिवळं पडलंय. बारीकशी चीर द्यायची, ते काढायचं, त्या जागी नवं बसवायचं. टाका लागत नाही."

"टाका नाही? मग चीर उसवेल की."

"तिरकी देतो. आपोआप मिटते."

हे मात्र बाईंना पटलं. तिरकं कापलेलं कापड सहसा उसवत नाही.

आधी उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने पट्टी काढली, थेंब घातले आणि "चोळायचा नाही हं" असं दोनदा बजावलं. बाई बाहेर आल्या. बाकावर नवरा बसला होता, नेहमीचा निळा कोट घालून. तो इतका निळा आहे हे त्या विसरूनच गेल्या होत्या. आणि कोपरावर तळहाताएवढं रफू, चक्क हिरवं.

बाईंनी रफूकडे बोट दाखवलं.

"अहो, हे कोणी केलं?"

नवऱ्याने कोपर पोटाशी घेतलं. "काय?"

"लपवू नका. कुठल्या अडाण्याने केलंय?"

बाईंनी हात न टेकवता उजवा डोळा झाकला. जुन्या डोळ्याला रफू दिसेनासं झालं. सगळा कोट एकाच मातकट रंगाचा. डावा झाकला, की हिरवा डाग हजर. चारदा करून पाहिलं. मग त्या जवळ गेल्या आणि टाके पाहिले. टाके त्यांचेच होते.

त्या त्याच्या शेजारी बसल्या.

"हा घालून तुम्ही कुठे कुठे गेलात?"

"सगळीकडे."

"आणि लोकांचे कपडे?" त्यांनी विचारलं. "तीन वर्षं मी लोकांना असलं काम देत होते?"

"नाही गं. हा एकच, मी घरी नसताना केलास. किती खुशीत दाखवलास! तेव्हाच मला कळलं. दुसऱ्या दिवसापासून रंग जुळवून धागे मी काढून ठेवायला लागलो."

"धाग्यांचा डबा आवरतो म्हणायचात, तेव्हा?"

"हो."

बाईंनी हिरव्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे रंग तुम्ही जुळवत होतात. मग रफू कोण करत होतं?"

"टाके तर तुझेच होते ना."

"टाके कुणीही घालतं. रफू म्हणजे रंग."

तेवढ्यात नर्स पुढच्या तपासणीची चिठ्ठी घेऊन आली.

"दुसऱ्या डोळ्याची तारीखही आजच द्या," बाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "कोट काढा."

"इथे? थंडी वाजेल."

"वाजू दे. घरापर्यंत तो मी धरते. आणि डब्याला आता हात लावायचा नाही."