वरीलप्रमाणे

"अध्यक्षकाका, तुम्ही स्वतः सुळक्यावर शेवटचे कधी चढलात?"

प्रश्न तोंडून सुटला आणि गिर्यारोहक महासंघाच्या सभागृहातल्या सगळ्या माना वळल्या. विचारणारी होती खार. खरं नाव शाळेच्या हजेरीत. बाकी जगाला ती खारच, कारण झाड असो की भिंत, ही आपली सरसर वर. मागच्या रांगेत चष्मिस आणि लंबी ह्या तिच्या दोन मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढत हसू दाबत होत्या. "विचारून दाखव, मग तुला मानलं," अशी पैज त्यांनीच लावली होती. मागच्या वर्षीपर्यंत वर्गात 'हजर' म्हणताना घसा कोरडा पडणाऱ्या खारीला हल्ली कोणी 'दाखव' म्हटलं की राहवत नसे.

सभा होती रविवारच्या कार्यक्रमाची. महासंघाला पन्नास वर्षं झाली म्हणून चोवीस शाळकरी मुली सुळका चढणार होत्या. सगळ्यांत पहिली खार.

अध्यक्षांनी आपल्या पोटावर थाप मारली. "अगं, हे घेऊन मी चढलो तर सुळकाच खाली यायचा!" सभागृह खदखदून हसलं. "पण आमचे तांत्रिक सचिव दरवर्षी जातात. एकेक बोल्ट जोखून येतात. नोंदवहीत आहे सगळं, जाऊन बघ हवं तर!"

टाळ्या पडल्या. तांत्रिक सचिव व्यासपीठाच्या टोकाला बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, पण सगळ्यांच्या थांबल्यावर. खारीकडे त्यांनी बघितलं नाही. एरवी गर्दीत ते आधी तिलाच शोधत, कारण ते तिचे बाबा होते.

दरवर्षी? खारीच्या डोक्यात हा शब्द खड्यासारखा टोचला. सहा वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून घराचे जिनेसुद्धा ते कठड्याला धरून चढत. मग सुळक्यावर कधी गेले?

"चल ना, चहा-बिस्किटं संपतील," चष्मिस म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढे. मी आलेच."

तळघरात महासंघाचं भांडार होतं. आकड्यांना दोर टांगलेले, प्रत्येकाला जन्मतारखेची चिठ्ठी. म्हातारे झालेले दोर हातभर लांबीचे तुकडे करून कोपऱ्यात टाकलेले, म्हणजे चुकूनही कोणी वापरायला नको. हे सगळं सांभाळणाऱ्या माणसाला सगळे दोरकाका म्हणत.

"नोंदवही? ती मागायला आजवर कोणी आलं नाही," दोरकाका म्हणाले. त्यांनी उठून आधी दार लोटलं, मग वही काढली.

सुळक्याचं पान. एका बाजूला बोल्टचे क्रमांक, म्हणजे दोर अडकवायला खडकात बसवलेल्या पोलादी खिळ्यांचे. समोर सात वर्षांपूर्वीची तारीख आणि एक शब्द: जोखले.

"जोखले म्हणजे?"

"स्वतः लटकायचं. अख्खं वजन टाकायचं आणि दोन झटके द्यायचे. नुसतं बघितलं तर 'पाहिले' लिहायचं. आपल्याकडे ह्या दोन शब्दांची गल्लत चालत नाही."

खारीनं खालची ओळ वाचली. वरीलप्रमाणे. त्याखालची. वरीलप्रमाणे. तशा सहा ओळी, सहा वर्षांच्या, आणि प्रत्येकीपुढे तीच लफ्फेदार सही, जी तिच्या प्रगतिपुस्तकावर असते. 'जोखले' हा शब्द अख्ख्या पानावर एकदाच होता.

"काका, ते खरंच गेले होते?"

दोरकाकांनी खण उघडून टेबलावर काहीतरी ठेवलं. बोटभर पोलाद, गंजून फुगलेलं, मधोमध तुटलेलं. "गेल्या महिन्यात पाटी रंगवायला पायथ्याशी गेलो होतो. हा बोल्ट गवतात पडला होता."

"कितव्या क्रमांकाचा?"

"खालून कसं कळणार? आणि हा आपणहून पडलाय, पोरी. त्याच्यावर कोणी लटकलंही नव्हतं."

खारीनं तो तुकडा उचलून उलटसुलट पाहिला. "तुम्ही सांगितलं नाहीत कोणाला?"

"सांगितलं. तुझ्या बाबांना. म्हणाले, जुना असेल."

खारीनं फोन काढून पानाचा फोटो घेतला. दोरकाकांनी तेवढा वेळ पाठ फिरवली.

संध्याकाळी घरी बाबा चोवीस हेल्मेटांवर नावांच्या पट्ट्या चिकटवत बसले होते. पहिल्यावर तिचं नाव. आई नुकतीच रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतून येऊन पाय लांब करून बसली होती. खारीनं तो फोटो उघडून फोन दोघांच्या मध्ये ठेवला.

बाबांनी हातातली पट्टी नीट चिकटवली, बुडबुडा राहू नये म्हणून अंगठ्यानं दाबली, आणि मग म्हणाले, "ऑपरेशन झालं त्या वर्षी वाटलं, एकदाच. बरा झालो की जाईन. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं, तर मला तिथे ठेवलं असतं कशाला? दोरांच्या चिठ्ठ्या लिहायला?"

"अहो, न तपासता मी एखाद्याचा रिपोर्ट दिला तर?" आई म्हणाली. आवाज अगदी हळू, म्हणून जास्तच वाईट.

"सहा वर्षांत काही झालंय का?" बाबा एकदम चढ्या आवाजात म्हणाले.

"सहा वर्षांत त्या वाटेनं कोण चढलंय, बाबा?"

ती वाट समारंभासाठी राखीव होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"मी उद्या जाऊन बघतो," बाबा शेवटी म्हणाले. "दुर्बीण घेऊन. बाळा, देशभरातून माणसं येतायत. आता थांबवलं तर माझी चारचौघांत नाचक्की... तू नको चढूस हवं तर. ताप आला म्हणू."

म्हणजे तिच्या जागी दुसरी पहिली जाणार. यादीत दुसरं नाव लंबीचं होतं. तिचं हेल्मेट बाबांच्या मांडीवरच होतं.

खार उभी राहिली.

"मला ताप आलेला नाही, आणि मी तसं सांगणार नाही. मी ठरवलंय. उद्या सकाळी आठ वाजता हा फोटो मी त्या तेवीस जणींना पाठवणार. त्याआधी तुम्ही अध्यक्षकाकांना फोन केलात तर हे सगळं त्यांना तुमच्या तोंडून कळेल. नाही केलात तरी मी पाठवणार, बाबा. आई, तूही मला अडवू नकोस."